पावाची तीनचाकी

खराडीच्या आयटी पार्कातल्या पगारावर मी पायडलच्या जुन्या तीनचाकी गाड्या जमवायचो. येरवड्यातल्या एका बेकरीवाल्याकडे पाव पोचवायची तशी गाडी होती. गंजलेली, पत्र्याच्या पेटीवरची हाताने रंगवलेली अक्षरं अर्धी उडालेली. सौदा ठरला. रविवारी आणायला गेलो, तर गिऱ्हाइकाला वस्तू नीट द्यावी म्हणून त्याने ती घासूनपुसून लालभडक ऑइलपेंट फासून ठेवलेली! माझं टाळकंच सरकलं. गचांडी धरून मी त्याला भट्टीच्या भिंतीवर आपटलं.

"जुनी हवी होती मला, जुनी!"

त्याने माझे हात झटकले, सरपणाची कुऱ्हाड उचलली आणि चाकं, हँडल, पेटी, सगळं चेचून काढलं. मग घाम पुसत म्हणाला,

"घ्या साहेब. झाली जुनी."