हिंदमाताला सापडलेली गाय

गेल्या मे महिन्यात अर्धा दिवस मी गाय होतो. तशी शास्त्रीय नोंद झाली होती.

आमची मुग्धा परळला गुरांची डॉक्टरकी शिकते. तिचा अभ्यास असा: गाय किती वेळ खाते, किती वेळ रवंथ करते, किती वेळ बसते, यावरून ती किती मिथेन वायू सोडते याचा अंदाज बांधायचा. ("मागून ना?" मी ठामपणे विचारलं. "बाबा, बहुतेक सगळा तोंडातून. ढेकर!" तिथेच मी या विषयातून अंग काढून घ्यायला हवं होतं.) त्यासाठी गाईच्या गळ्यात यंत्राचा पट्टा बांधतात. जबडा हलला की तो मोजतो, आणि आकडे थेट मुग्धाच्या मॅडमच्या मोबाइलवर!

त्या दिवशी मुग्धा वसईच्या गोठ्यावर गेली आणि एक नवाकोरा पट्टा लालबागला आमच्या टेबलावर राहिला. मी जन्मभर विमा कंपनीत काढलेला माणूस. तपासल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. मुक्या जनावराला टोचत असेल तर? घातला गळ्यात. सैल वाटला म्हणून ओढून मापात घेतला. खट्! बक्कल बसलं. गाईनं कितीही मान झटकली तरी ते सुटत नाही. (मी झटकून पाहिली.) किल्ली वसईला.

ही स्वयंपाकघरातून आली. ही पक्की मालवणची.

"अहो, ह्या काय गळ्यात?"

"तपासतोय."

"मगे काढा. हिंदमाताक जावचा आसा, साडी बघूक."

"निघत नाही."

"मगे मफलर गुंडाळा नि चला!" भाच्याचं लग्न तोंडावर होतं. मी गुदमरून मेलो असतो तरी साडीखरेदी रद्द झाली नसती.

मे महिना, दादर आणि लोकरीचा मफलर! दुकानदार म्हणाला, "काका, ताप आहे का?"

"नाही, हौस!"

गाद्यांवर सगळ्या बायका. मी कोपऱ्यात उभा राहून शेंगदाणे चघळत होतो. ही एकेक साडी उलगडायला लावून नापसंत करत होती. शेंगदाणे संपले, तेव्हा चणे काढले. तेवढ्यात मुग्धाचा फोन.

"बाबा, घरातला पट्टा कुठाय?"

"सुरक्षित आहे."

"कुठे?"

"जवळच. अगदी जवळ."

"घातलात ना?" मुलगी मला ओळखते. "अहो, मॅडमना नकाशावर आमची एक गाय हिंदमाताला दिसतेय! चोरीला गेली समजून त्या तिकडे निघाल्यात, आणि फोन उचलत नाहीयेत! संध्याकाळी मला कळपाचा अंदाज सादर करायचाय. वाट लावलीत माझी!"

"मी सांभाळतो," मी म्हणालो. (माझ्या या वाक्याला घरात सगळे घाबरतात.)

इतक्यात दारात एक बाई आल्या. घामाघूम, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात दावं.

"इथे गाय आलीय?"

दुकानदार हात जोडून म्हणाला, "मॅडम, पैठणी आहे, इरकल आहे. गाय नाय ठेवत!"

मोबाइलकडे बघत बघत त्या थेट माझ्यापुढे येऊन थांबल्या. मी मफलर सोडला.

"तुम्ही... मुग्धाचे..."

"वडील," मी म्हणालो. गळ्यात पट्टा असताना जेवढ्या रुबाबात म्हणता येतं, तेवढ्या रुबाबात.

"बाई गं! मला वाटलं, गाय आजारी पडली. मघापासून जबडा थांबत नाही, एकदाही बसलेली नाही, आणि मिथेनचा अंदाज तर अख्ख्या कळपात सगळ्यात वर!"

पर्समधल्या दुसऱ्या किल्लीनं त्यांनी मला मोकळं केलं. मग म्हणाल्या, "आधी तुम्हाला कळपातून वगळते, म्हणजे मुग्धाचे आकडे बिघडणार नाहीत." मोबाइलवर बोट फिरवता फिरवता थबकल्या. "काका, कारण दिल्याशिवाय हे पुढे जात नाही. विकली, मेली, नाहीतर भाकड. काय टाकू?"

मी विचारात पडलो. ही आरशासमोर पदर खांद्यावर टाकून बघत होती. मागे वळूनसुद्धा न बघता म्हणाली,

"भाकड!"