ताईच्या रंगासाठी लाइट मीटर

मी लाइट मीटर उलटा धरला आणि ताईच्या फोटोंचा अख्खा रोल घालवला.

मुद्दाम नाही, उत्साहाने. माझ्या हातून आजवर जे काही मोडलं, सांडलं किंवा करपलं, ते सगळं उत्साहानेच.

तेव्हा ताईसाठी स्थळं बघणं चालू होतं. ताई सावळी. मुलुंडच्या एका स्टुडिओवाल्याने तिच्या फोटोवर ब्रश फिरवून तिला इतकी गोरी केली, की बघायला आलेल्या बाईंनी आधी फोटोकडे बघितलं, मग ताईकडे, आणि विचारलं, "हा धाकटीचा फोटो का?" आमच्याकडे धाकटी नव्हती. धाकटा मीच. पाहुणे गेल्यावर ताई माझ्यावर उखडली. "कॅमेरा गळ्यात घालून मिरवतोस ना? मग मी जशी आहे तसा फोटो काढ. नाहीतर यापुढे मी कुणासमोर येऊन बसणार नाही, सांगून ठेवते."

दुसरा कुणी घाबरला असता. मी हरखलो! माझ्या जुन्या कॅमेऱ्यात उजेड मोजायची सोय नव्हती. रोलच्या खोक्यावर ऊन, ढग, सावली अशी चित्रं असत. आकाशाकडे बघायचं, त्यातल्या त्यात जुळणारं चित्र शोधायचं आणि देवाचं नाव घेऊन खटका दाबायचा. सहलीच्या फोटोंना ते चालून जाई, पण ताईच्या चेहऱ्याला चालणार नव्हतं. म्हणजे मीटर घ्यायला आता घरचीच परवानगी!

घाटकोपरला एक म्हातारे फोटोग्राफर आपला स्टुडिओ बंद करत होते. विक्रोळीच्या कारखान्यातून सुटलो तो थेट तिकडे. त्यांनी दोन मीटर काउंटरवर ठेवले. दोन्ही तळहातात मावणारे, काट्याचे. एकाला काळं कातडी पाकीट, चकचकीत कडा, एकदम झकास. दुसऱ्याच्या डोक्यावर पिंगपाँगच्या अर्ध्या चेंडूसारखी पांढरी घुमटी, दिसायला अगदीच बावळट. मी अर्थातच पहिला उचलला.

"फोटो कुणाचा काढायचाय?"

"बहिणीचा. सावळी आहे. तशीच दिसायला हवी."

म्हाताऱ्यांनी तो मीटर माझ्या हातातून काढून घेतला. माझ्या पांढऱ्या शर्टासमोर धरला, काटा उसळला. आपल्या काळ्या छत्रीसमोर धरला, काटा पडला. "खोलीतला उजेड तोच आहे, बघ. पण हा समोरून परत आलेला उजेड मोजतो. सावळा चेहरा दिसला की याला वाटतं, अंधार आहे. मग हा जास्त उजेड घ्यायला सांगतो, आणि पोरगी फुकट गोरी होते." मग घुमटीवाला घेतला. शर्टाजवळ धरला, छत्रीजवळ धरला. काटा ढिम्म. "याला माणूस दिसतच नाही. याला फक्त पडणारा उजेड कळतो."

मला तिथेच टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. हाच तो! "आता हा धरायचा कसा ते नीट ऐक," असं ते म्हणत होते, तोवर मी पैसे ठेवून रस्ता ओलांडला होता.

आठवडाभर मी दिसेल ते मोजलं. भाजीवालीची वांगी, सोसायटीची पाण्याची टाकी, कारखान्यातला फोरमन. तो म्हणाला, "ताप बघतोस काय रे माझा?"

रविवारी ताईला गॅलरीकडे तोंड करून खोलीत बसवलं. मी गॅलरीच्या दारात, उजेडाकडे पाठ करून उभा राहिलो आणि घुमटी पिस्तुलासारखी तिच्यावर रोखली. घुमटीला समोर दिसली आमची अंधारी खोली. काट्याने सांगितलं, अंधार आहे. मी भाबडेपणाने लेन्स सताड उघडली. छत्तीस वेळा.

प्रिंट आल्या तर ताई पांढरीफटक. दोन डोळे, एक टिकली. नाक नाहीच.

"पिठाच्या डब्यात पडले होते काय रे मी?" ताई म्हणाली. तिकडे ठाण्याच्या एका स्थळाने फोटो मागवला होता. स्टुडिओचा ती पाठवू देईना, आणि माझा तर भुतालासुद्धा पसंत पडला नसता.

ताई पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. नवं यंत्र आलं की आधी त्याची पुस्तिका वाचायची, ही तिची सवय. मीटरच्या खोक्यात घडी घातलेली पुस्तिका होती, हे मला त्या दिवशी कळलं. तिने ती उभ्यानेच वाचली.

"अरे शहाण्या, घुमटी माझ्या चेहऱ्यापाशी धरून तिचं तोंड कॅमेऱ्याकडे करायचं. उजेड माझ्यावर पडतोय ना? मग तू तुझ्यापाशी काय मोजत बसलास?"

पुढच्या रविवारी मीटर तिनेच हनुवटीपाशी धरला, आकडे तिनेच सांगितले. मी मुकाट्याने कॅमेऱ्यावर लावले. आणि प्रिंट आली! सावळी, ठसठशीत, नाकाचा किंचित बाकसुद्धा जागेवर. मी घरभर नाचलो. ताईने फोटो खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितला. "ही मी," एवढंच म्हणाली आणि स्वतःच पाकिटावर ठाण्याचा पत्ता लिहिला.

ठाण्याची मंडळी आली. मुलाच्या आईने फोटो बघितला, ताईला बघितलं आणि फोटो परत पर्समध्ये ठेवला. मुलगा मात्र मोकळा होता. "फोटो फार छान आलाय. कुठल्या स्टुडिओत काढलात?"

मी खाकरलो, शर्ट नीट केला. "त्याचं असं आहे, तो मी..."

"मीटर मी धरला, आकडे मी सांगितले," ताई चहाचा कप पुढे करत म्हणाली. "याला फक्त खटका दाबायला ठेवला होता. त्यातही हात हलवून चार घालवले."