पहिला बार विल्मरचा

विल्मर डेल्पची आणि माझी ओळख झाली ती एका खोट्या खुनामुळे.

अडतीस वर्षं झाली. आमची फिरती नाटक कंपनी त्या उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात, एका रिकाम्या कोठारात खेळ करत होती. तिसऱ्या अंकात नाटकातल्या माझ्या नवऱ्याला गोळी लागायची. पण आमच्याकडची बंदूक शिंकल्यासारखी वाजायची आणि नेमके त्याच क्षणी प्रेक्षक हसायचे. कुणीतरी म्हणालं, लाकडाच्या गिरणीत विल्मर आहे, त्याला विचारा. तो आला, शेवटच्या रांगेत बसला, छपराकडे बघत राहिला.

"वीस ग्रेन काळी दारू," तो म्हणाला. "वर नुसती चिंधी. गोळी नाही."

"जरा वाढवा की," आमचे मालक म्हणाले.

"मालक, आवाज हवाय की छप्पर उडवायचंय?"

त्या दिवशी बार उडाला तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन बायका किंचाळल्या आणि माझ्या डोळ्यांत खरं पाणी आलं. कंपनी पुढच्या गावाला गेली, मी इथल्या पोस्टमास्तरशी लग्न करून मागे राहिले. पुढे पोस्टमास्तर गेला, कोठार पडलं. विल्मरची मैत्री तेवढी टिकली.

आमच्याकडे नाताळच्या दुसऱ्या दिवशी हरणांचा एक मोसम लागतो, त्यात फक्त गारगोटीवर उडणारी ठासणीची बंदूक चालते. एकच बार मिळतो. तो चुकला की पुन्हा दारू, पुन्हा चिंधी, पुन्हा गोळी, आणि तोवर हरीण डोंगरापलीकडे. त्यामुळे त्या एका बाराला दारू किती घालायची, हा इथे गंभीर प्रश्न असतो. उत्तर विल्मरकडे असायचं. ऑक्टोबर लागला की लोक बंदुका पांघरुणात गुंडाळून त्याच्या अंगणात यायचे, तान्हं मूल डॉक्टरकडे आणावं तशा.

घाई त्याला ठाऊकच नव्हती. पन्नास ग्रेनपासून सुरुवात; ग्रेन म्हणजे दारू मोजायचं चिमुकलं वजन. तीन बार काढायचे, दर बारानंतर नळी पुसायची. मग पंचावन्न. मग साठ. नेम कुठे लागला ते तो शेवटी बघायचा. आधी पुढे चालत जाऊन गवतातल्या चिंध्या वेचायचा. गोळीला गुंडाळलेली चिंधी नळीतून बाहेर पडली की दहा-बारा पावलांवर गळून पडते. ती तो दोन्ही हातांनी ताणून उजेडात धरायचा.

"कडा जळल्यात बघ. हिला इतकी झेपत नाही."

त्याचे कान तर डोळ्यांपेक्षा तिखट. "आत्ता धप् म्हणाली. उपाशी आहे." पाच ग्रेन वाढवायचा. "आता कशी कडाडली! बस. इथून पुढे नुसता धूर."

त्याचा जावई रॉइस दरवर्षी त्याच्याशी भांडायचा.

"नव्वद टाका ना, डॅड. हरणाला कळू दे कोण आलंय ते."

"हरणाला कळेल, शेजारच्या गावाला कळेल. फक्त गोळीला कळणार नाही कुठे जायचं ते."

"मर्लची बंदूक पंच्याऐंशी खाते!"

"मर्लची बंदूक मर्लसारखीच आहे. खायला पुढे."

आकडा ठरला की विल्मर हरणाच्या शिंगाचं टोक कापायचा, आतून पोखरून तेवढीच दारू मावेल असं माप करायचा आणि दोरीत ओवून बंदुकीच्या मालकाच्या गळ्यात घालायचा. ही गोष्ट ज्या वर्षाची, त्या वर्षी मात्र एका बंदुकीने त्याचे तीन रविवार घेतले. ती त्याच्या मुलीची, ग्लेंडाची. म्हणजे मुळात त्याच्या बायकोची, अर्माची. अर्मा वारल्यापासून ती बंदूक भिंतीवर होती, आणि ग्लेंडाने हट्ट धरला होता की यंदा आईची बंदूक घेऊनच डोंगर चढायचा. नळी जुनी, तोंडाशी झिजून पातळ झालेली. विल्मर पाच-पाच नव्हे, दोन-दोन ग्रेनने चढत होता. साठला चिंधी स्वच्छ पडली. तो थांबला.

"साठ. हिच्यात पासष्टसुद्धा घालायची नाही," तो मला म्हणाला. "ही नळी माफ करणारी नाही, फुटेल."

खात्रीसाठी त्याने आणखी एक बार भरायला घेतला. माप भरलं, नळीत ओतलं, माप अंगठ्याने पुसलं. वरून रानबदकांचा थवा ओरडत चालला होता, तिकडे बघितलं. आणि पुन्हा दारूचं शिंग उचलून माप भरायला लागला.

"विल्मर, आत्ताच तर ओतलीस."

त्याने माझ्याकडे बघितलं. पुढचं वाक्य निसटलेल्या नटाचा होतो तसा तो चेहरा होता. मी विंगेत पुस्तक धरून पुष्कळ वर्षं उभी राहिले आहे, त्यात माझी चूक होत नाही.

"बघत होतो तुझं लक्ष आहे का, नाटकवाली," तो म्हणाला. आम्ही दोघंही हसलो.

मी त्याच दिवशी ग्लेंडाला सांगायला हवं होतं. कारण आमच्या शिकारीच्या तळावर एक रिवाज होता: मोसमाचा पहिला बार सगळ्यांच्या बंदुकीत विल्मरने भरायचा. आकडा त्याचा, म्हणून हातही त्याचा. तो भरत असताना कुणी बोलायचं नाही. आणि त्याने भरलेल्या बंदुकीत कुणी पुन्हा गज, म्हणजे बार ठासायची काठी, घालून बघायचं नाही. तसं बघणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला अविश्वास दाखवणं. हे सगळं माहीत असून मी गप्प राहिले. त्याची अब्रू झाकली असं मला वाटलं.

मोसमाच्या पहिल्या सकाळी डोंगरातल्या लाकडी झोपडीत आम्ही सहा जण होतो. ग्लेंडा, रॉइस, मर्ल आणि डेल हे दोघे हॅकेनबर्ग भाऊ, विल्मर आणि मी. विल्मरने नजर कमी झाल्यापासून स्वतः बंदूक धरणं सोडलं होतं, मी चुलीपाशी. बाहेर बर्फ गुडघ्याला लागत होतं आणि वारा अजिबात नव्हता. इतकं शांत की ओढ्यातलं बर्फ तडकलेलं ऐकू येत होतं.

चारही बंदुका ओसरीवर भिंतीला टेकून उभ्या होत्या. उघड्या दारातून मला विल्मरची पाठ दिसत होती. माप, दारू, मग आठ भोकांच्या लाकडी पट्टीतून चिंधीसकट एक गोळी, मग गज. सगळे टोप्या हातात घेऊन उभे. दोन बंदुका झाल्या. तिसरी त्याने हातात घेतली, आणि तेवढ्यात माझी कॉफी उतू गेली. चुलीवर चर्र झालं, भांडं उचलताना हात भाजला आणि मी ओरडले.

"झालं! तिसरा अंक सुरू," मर्ल म्हणाला. सगळे हसले.

विल्मर वळून बघत होता. एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात गज. "भाजलं का गं?"

"काही नाही. तू तुझं कर."

तो पुन्हा वळला. त्याला जरा वेळ लागला, एवढंच मला आठवतं.

उजाडता उजाडता चौघं निघाले. वरच्या कड्यावर ग्लेंडा एकटी बसणार होती. तिघं खालून रान उठवत हरणं तिच्याकडे लावणार होते. आईची बंदूक, म्हणून मोक्याची जागा तिची.

मी न्याहारीला स्क्रॅपल, मक्याच्या पिठात शिजवलेल्या मांसाच्या वड्या, तळत होते. विल्मर आत आला, गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "लेनोर, जरा मोज."

नाटकवाली म्हणाला नाही. मी तवा खाली ठेवला.

"तीन," मी म्हणाले.

"पुन्हा मोज."

"तीनच आहेत, विल्मर."

"रात्री मी आठही भोकं भरली होती. बंदुका चार."

मला कळायला क्षण लागला. पाचवी गोळी कुठे होती?

"खाली पडली असेल," मी म्हणाले.

आम्ही दोघं ओसरीवर गुडघ्यांवर रांगलो. फटी बघितल्या, पायऱ्या बघितल्या, पायरीखालचं बर्फ हातांनी उकरलं. त्याने सगळे खिसे उलटे केले. एक दाढदुखीची गोळी, एक बटण, तंबाखू.

"गज टाकून खूण बघितली होतीस ना?" मी विचारलं. दर बंदुकीच्या गजावर त्याने खाच पाडलेली असते. बार नीट बसला की ती खाच बरोबर नळीच्या तोंडाशी येते.

"मर्लची बघितलेली आठवते," तो म्हणाला. मग हळूच, "बाकीच्यांची आठवत नाही. बघितलीही असेल. मला सांगता येत नाही, लेनोर."

वर कुठेतरी बार झाला. विल्मरने मान वाकडी करून ऐकलं. प्रतिध्वनी दोन डोंगरांवर आपटून गेला.

"सत्तर ग्रेन. डेल," तो म्हणाला. "ती चांगली आहे."

म्हणजे आता दोन उरल्या, आणि त्यांतल्या एकीत दुहेरी बार. रॉइसची नळी जाड, नवी. त्याचा कदाचित हात वाचेल. दुसरी कुठली हे आमच्यापैकी कुणी बोललं नाही. डेलने बार काढला म्हणजे हरणं उठली होती, आणि उठलेली हरणं कड्याकडेच जातात.

त्या खोऱ्यात फोन लागत नाही. कड्यावर चालत जायला पाऊण तास. उरला ट्रकचा भोंगा. तो शिकारीच्या दिवशी वाजवत नाहीत. एकदाच वाजला होता, विल्मरचा भाऊ ओढ्याकाठी छातीत कळ येऊन गेला तेव्हा. भोंगा वाजला की सगळ्यांनी बंदुका उतरवून खाली यायचं. आणि खाली आले की विल्मरला सगळ्यांसमोर सांगावं लागणार होतं.

"वाजव," तो म्हणाला.

मी ट्रककडे पळत सुटले. सत्तराव्या वर्षी जेवढं पळता येतं तेवढं. भोंग्यावर दोन्ही हात ठेवले आणि उचललेच नाहीत. कान बधिर झाले. डोंगरावर आत्ता काय होतंय ते मला ऐकू येणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला ते ऐकायचंही नव्हतं.

आधी मर्ल आणि डेल आले, धापा टाकत. मग रॉइस. "कोण गेलं?" त्याने विचारलं. विल्मर ओसरीच्या पायरीवर उभा होता. त्याने रॉइसच्या हातातून बंदूक घेतली, गज नळीत सोडला. खाच बरोबर तोंडाशी. त्याने बंदूक परत दिली.

"डॅड, हे काय चाललंय?"

"ग्लेंडा कुठे आहे?" विल्मर म्हणाला.

ती यायला वीस मिनिटं लागली. झाडांतून तिची टोपी दिसली तेव्हा मी खाली बसले. ती रागाने लाल झाली होती.

"कोणी मेलं नसेल ना, तर आता मी एकेकाला मारते!" ती लांबूनच ओरडली. "आठ टोकांच्या शिंगांचा नर! चाळीस पावलांवर, आडवा उभा! चाप ओढला तर बाहेरची चिमूटभर दारू, ती रंजक, फुस्स् करून पेटली आणि आतली दारू पेटलीच नाही. तो तसाच उभा, मूर्ख! मी सुईने नळीच्या कानाचं भोक साफ केलं, नवी रंजक घातली, घोडा ओढला, आणि कुठल्या गाढवाने भोंगा..."

तिने आमचे चेहरे बघितले आणि ती थांबली.

"ती रंजक झटकून टाक," विल्मर म्हणाला. "आणि मला दे."

त्याने गज सोडला. तो आत गेला आणि मध्येच अडला. खाच नळीच्या तोंडापासून तीन बोटं वर उभी राहिली. दारू, गोळी, त्यावर पुन्हा दारू, पुन्हा गोळी. साठ आणि साठ, त्या पातळ नळीत, तिच्या गालापासून वीतभर अंतरावर.

रॉइस बर्फात जाऊन पाठ करून उभा राहिला.

"मी भरली," विल्मर म्हणाला. "दोनदा. आणि मला आठवत नाही. ऑक्टोबरपासून असं होतंय. आधीपासूनही असेल."

"मला माहीत होतं," मी म्हणाले. "ऑक्टोबरात मी बघितलं होतं."

ग्लेंडाने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेला मी पात्र होते आणि अजून आहे.

विल्मरने गजाला गोळी काढायचा स्क्रू लावायला घेतला. तो आट्यात बसत नव्हता. ग्लेंडाने बंदूक त्याच्या हातातून काढून घेतली, हिसकावली नाही, नुसती घेतली. "मी करते, डॅड. तुम्ही सांगा." आणि त्याने सांगितलं. तोंडासमोर उभी राहू नकोस. कानातून पाणी सोड, आधी दारू भिजू दे. आता हळू फिरव. पहिली गोळी निघाली, काळा चिखल निघाला, मग दुसरी. त्याने एकही पायरी चुकवली नाही.

त्या दिवशी पुन्हा कुणी डोंगरावर गेलं नाही. दुपारी ग्लेंडाने पिठाच्या डब्यामागची माझी हिशेबाची वही मागून घेतली आणि बापासमोर बसली.

"सगळ्या बंदुका सांगा. आत्ताच."

तो डोळे मिटून सांगत गेला. बोयरची, पंचावन्न, जाड चिंधी. शाळेतल्या बसवाल्याची, सत्तर, थंडीत दोन जास्त. पाद्रीबुवांची, पासष्ट, पण त्यांना ऐंशी सांगितलंय, कारण ते मापाच्या काठापर्यंत कधी भरत नाहीत. मर्ल हसला. चाळीस वर्षांतल्या बंदुका, मालक मेले तरी कुठल्या भिंतीवर आहेत त्यासकट. कुठे अडखळला नाही. चूल विझत आली होती, पण उठून लाकूड घालायचं कुणाच्या मनात आलं नाही.

पाच पानं भरली. मग तो जरा थांबला, घोटभर कॉफी प्यायला, आणि म्हणाला, "हं, लिही. बोयरची. पंचावन्न, जाड चिंधी."

रॉइसने तोंड उघडलं. ग्लेंडाने हातानेच त्याला गप्प केलं, पान उलटलं आणि बोयरचं नाव पुन्हा लिहिलं.