मेलेल्या ताऱ्याला कसली घाई

उशिरा आलेल्या माणसाला सर कधी बोलायचे नाहीत. आधी स्वतःचं घड्याळ तपासायचे. "पहिली चूक आपली धरावी. आपलं सगळं वजा करून काही उरलं, तर मग आकाशाला विचारावं."

त्यांचं कामच तसं होतं. दोन मेलेले तारे एकमेकांभोवती फिरतात, त्यातल्या एकाची रेडिओ-टिकटिक आपल्यापर्यंत येते. ती ठरल्या क्षणी पोचते का, यावरून आइन्स्टाईनचं गुरुत्वाकर्षण तपासायचं. वर्षानुवर्षं. मी त्यांचा पीएच.डी.चा विद्यार्थी. एकदा आकडे लाटेसारखे हलताना दिसले, तसा मी विचुंब्याहून थेट त्यांच्या खांदा कॉलनीतल्या घरी थडकलो. "सर, आइन्स्टाईन चुकला!"

सरांनी कागद पाहिला. "अरे, ही आपली पृथ्वी. सूर्याभोवती फिरतेय बिचारी. तू तिला नीट वजा केलं नाहीस."

काकूंनी नारळाच्या दुधातला हलवा पुढे केला. "खा. आइन्स्टाईन वाचला म्हणून."

दोघं बेने इस्रायली, म्हणजे आपले मराठी ज्यू. मुलगी इस्रायलला. सर निवृत्त झाल्यावर तिच्याकडे कायमचं जायचं ठरलं, तिकिटंही आली. पण जुन्या-नव्या यंत्रांच्या नोंदी जुळवणं सरांनाच जमायचं. मी चाचरत म्हणालो, "सर, थोडं थांबलात तर..."

काकू ताडकन म्हणाल्या, "तारा मेलाय ना तुमचा? मग त्याला कसली घाई? जिवंत मी आहे!"

सर हसले, मीही हसलो. काकू एकट्याच गेल्या.

त्या 'थोड्या'ची वर्षं झाली. खरं सांगतो, माझ्या प्रबंधापुरतं काम कधीच झालं होतं. आणखी मोजलं तर आकडा अधिक नेमका येईल, म्हणून मी गप्प राहिलो. सरांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

काकू तिकडेच वारल्या. त्यांच्यात दफन लगेच करतात. सर पोचू शकले नाहीत. मी भेटायला गेलो तेव्हा ते त्यांच्या सुतकाच्या रीतीप्रमाणे जमिनीवर बसले होते, शर्ट गळ्याशी फाडलेला.

"आकडा काय म्हणतोय?"

"जुळला, सर. आइन्स्टाईन बरोबर."

"बरं झालं." मग म्हणाले, "तिला फोनवर सांगायचो, पोराचं होऊ दे, लगेच येतो. ती म्हणायची, पोर कधी पुरे म्हणतंय?"

नंतर सर मुलीकडे निघून गेले. खांदा कॉलनीतून जाताना मान अजून त्या गॅलरीकडे वळते. तिथे दुसऱ्यांचे कपडे वाळत असतात.

आता माझ्या हाताखाली विद्यार्थी आहेत. एखादा उत्साहाने म्हणतो, "सर, आणखी एक वर्ष मोजू या? मी थांबतो."

मी विचारतो, "घरी कोण वाट बघतंय?"