टाकीतले सपाट पाणी

वरच्या मजल्यावरील पाटणकरांनी दिवाणखान्यात माणूस आडवा मावेल एवढी माशांची काचेची टाकी उभारली आहे. तिचा लोखंडी स्टँड नेमका माझ्या पलंगाच्या वर येतो. उपविधींचा आधार देऊन मी सोसायटीला हरकतीची पत्रे धाडली. उत्तर आले नाही. आज संतापून स्वतःच वर गेलो.

टाकी नुकतीच भरली होती. गॅलरीकडे पाणी काठाला टेकले होते, भिंतीकडे बोटभर खाली होते. स्टँड चोख होता. पण धुतलेल्या फरशीवरचे पाणी वाहून जावे म्हणून आपण जमिनीला ढाळ देतो, तो कोणी ध्यानात घेतला नव्हता.

"काका, ओरडणार की थेट नोटीस?" पाटणकर ओशाळून म्हणाले.

"आधी टाकी रिकामी करा. मग स्टँडच्या गॅलरीकडच्या पायांखाली पट्ट्या घाला."

मासे अजून यायचे होते. पाण्याकडे पाहताना राग ओसरला, थकवा तेवढा उरला. सरळ वागा, एवढ्यासाठी मी जन्मभर अर्ज केले. हे पाणी कोणाकडेही दाद न मागता कललेल्या टाकीत सपाट राहिले होते.

टाकी रिकामी करायला लावलेल्या रबरी नळीचे टोक मोरीत धरून मी बसलो. हरकतदाराने असे बसावे, अशी तरतूद कोणत्याही उपविधीत नाही. पण उठवत नव्हते.