बंद स्क्रीनवरची अक्षरं

आज दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

मी बुलढाण्यात डोळ्यांच्या दवाखान्यात नजर तपासते. आज देऊळघाटचे एक काका आले. स्कूलबस चालवतात. जड वाहनाचं लायसन रिन्यू करायला त्यांना डॉक्टरांचा दाखला हवा होता.

खुर्चीत बसवून त्यांचा एक डोळा झाकला आणि मी स्क्रीन लावायला वळले. तेवढ्यात काकांनी खालच्या बारीक ओळीपर्यंतची सगळी अक्षरं घडाघडा म्हणून टाकली.

स्क्रीन अजून बंदच होता.

"काका, तुम्हाला काही दिसतं का?"

त्यांनी मान खाली घातली. "पाठ करून आलो ताई. मोतीबिंदू हाय, मले मालूम हाय. पण ऑपरेशन करून घरी बसलो, तं सीटवर दुसरा बसते. मंग तो उठते काय?"

डॉक्टरांनी दाखला नाकारला. काका खाली गेले आणि पिवळी बस सुरू करून निघाले. बस घेऊनच आले होते!

मला राहवेना. बसवर लिहिलेल्या नंबरवरून संध्याकाळी बसमालकाला फोन केला. तो हसला. "तुम्ही काऊन टेन्शन घेता ताई? दाखला भेटला त्यायले, दुसऱ्या दवाखान्यातून."

उद्या सकाळी तीच बस लेकरं घ्यायला निघेल. मला एवढंच सांगा, ज्यानं सही केली, त्याच्याकडे स्क्रीन तरी सुरू होता का?