मेश्रामकाकूंच्या घरचा जामीन

२०१६ मधल्या एका सोमवारी सकाळी न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या टाकानिनी उपनगरातल्या वत्सला मेश्राम यांनी स्वतः पोलिसांना फोन केला आणि सांगितलं, की आपल्या घरी जामिनावर राहणाऱ्या निखिलने आदल्या दिवशी जामिनाची अट मोडली आहे. दुसऱ्या कोणी हे कळवलं नव्हतं, कळवणारही नव्हतं. थोड्या वेळाने पोलिसांची गाडी आली आणि निखिलला घेऊन गेली. जाताना काकूंनी त्याच्या हातात स्वेटर दिला. मग दार लावून त्या कामावर गेल्या.

मी तेव्हा ऑकलंडच्या एका वर्तमानपत्रासाठी कोर्टाच्या बातम्या करत होतो. निखिलचं प्रकरण मोठं होतं. अमेरिकेत ऑनलाइन गुंतवणुकीची एक फसवणूक उघडकीला आली होती आणि ती करणाऱ्या कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांमध्ये हा पुण्याचा, तिशीतला मुलगा होता. नंतर तो ऑकलंडच्या न्यू लिन भागात नोकरीला आला. तिथेच त्याला अटक झाली. अमेरिकेच्या फेडरल कोर्टात खटला चालवायला त्याला आमच्या ताब्यात द्या, अशी तिकडच्या सरकारची मागणी होती. त्याआधीच्या सुनावण्या ऑकलंडमध्ये सुरू झाल्या आणि सुरूच राहिल्या.

काकूंना मी पहिल्यांदा पाहिलं ते कोर्टाच्या व्हरांड्यात. बाकं रिकामी होती आणि त्या येरझाऱ्या घालत होत्या. बोलता बोलता मध्येच थांबायच्या, खिडकीपाशी जाऊन खाली रस्त्यावर बघायच्या आणि परत येऊन वाक्य पुरं करायच्या. आत कोर्टातही शिपायाने त्यांना दोनदा बसायला सांगितलं. मी म्हटलं, "काकू, बसा ना जरा." त्या म्हणाल्या, "बसून काय होते? उभं राहिलं तर नुसते पाय दुखतात. बसलं की बाकीचं सगळं दुखते."

त्या मूळच्या नागपूरच्या. दुधाचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी. यजमान वारले होते, इंजिनिअर मुलगा वेलिंग्टनजवळ जॉन्सनव्हिलला संसार थाटून होता. निखिल त्यांचा नात्यातला नव्हता. रविवारच्या बुद्धवंदनेला तो दोन-तीनदा आला होता, एवढीच ओळख. त्याला जामीन मिळायचा तर पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधून कोणाच्या तरी घरी राहावं लागणार होतं, आणि घर कोणी देईना. कोणाची मुलं लहान होती, कोणाचा व्हिसा व्हायचा होता. काकू म्हणाल्या, "माझ्याकडे एक खोली आहे. तिच्यात नुसतं इस्त्रीचं टेबल आहे."

मुलाने फोनवर विचारलं, "आई, आर यू सीरियस? तो तुझा कोण लागतो?"

"अजून कोणी नाही. राहिला म्हणजे लागेल."

अटी कडक होत्या. निखिलने कुंपणाबाहेर पाऊल टाकायचं नाही. इंटरनेट चालणाऱ्या कोणत्याही वस्तूला हात लावायचा नाही. अट मोडली तर घरमालकिणीने ताबडतोब कळवायचं. काकूंनी सही केली, घरातलं इंटरनेट काढून टाकलं आणि स्वतःसाठी बटणांचा फोन आणला. व्हिडिओ कॉलवर नातवंडांची तोंडं बघायला त्या आठवड्यातून एकदा शेजारणीकडे जायच्या. नात म्हणायची, "काकूज् हाऊस इज लाइक ओल्डन डेज." आजीलाही ती काकूच म्हणायची, सगळे म्हणायचे म्हणून.

त्या घरात स्वस्थ असं कोणी नसे. निखिल स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात आणि अंगणातून स्वयंपाकघरात फिरत राही. बाहेर गाडीचा आवाज आला की काकू गॅस बारीक करून खिडकीपाशी जात. सुनावणीची तारीख पडे, पुढे ढकलली जाई, पुन्हा पडे. एकदा मी गेलो तेव्हा निखिल कणीक मळत होता. काकू म्हणाल्या, "हा पोळ्या चांगल्या करून राहिला आता. वकिलाला म्हणावं, हेही कोर्टात सांग." निखिल म्हणाला, "गोल होत नाहीत म्हणून ठेवून घेतील मला इथेच." दोघंही हसले आणि दोघांनीही एकदम खिडकीकडे पाहिलं.

वर्षावासात, म्हणजे आषाढ ते आश्विन पौर्णिमेच्या तीन महिन्यांत, त्यांच्याकडे दर रविवारी दुपारी धम्मग्रंथाचं वाचन चाले. भारतात तो पावसाळ्याचा काळ, इथे ऐन हिवाळ्याचा. पूर्वी बरीच मंडळी आपापल्या फोनवर वाचत. आता फोन गाडीत ठेवून यायचं असा नियम झाला. एकच छापील प्रत हातोहात फिरे. तरुण मुलं कुरकुरली. काकू म्हणाल्या, "आपली पाळी येईपर्यंत ऐका. तेही वाचनच असते."

समारोपाच्या रविवारी खीर होती. सुनीता गजभिये नावाच्या बाईंची आई नागपुरात आजारी होती. तिला वंदना ऐकवायची म्हणून सुनीताने बाहेर पायरीवर उभं राहून व्हिडिओ कॉल लावला. वंदना संपली. म्हातारीला सगळ्यांना बघायचं होतं. आपल्याकडे असा फोन आला की तो एका हातात राहत नाही. तो घरात आला आणि फिरू लागला. "जय भीम आजी, जेवल्या का?" "आजी, ओळखलं का?" "हे बघा, आमचा धाकटा." एका बाईच्या एका हातात खिरीची वाटी होती. तिने शेजारच्याला म्हटलं, "धर रे, बोल आजीशी." शेजारी निखिल होता. त्याने फोन घेतला आणि म्हणाला, "जय भीम, आजी. तब्येत कशी आहे?"

मग त्याचं त्यालाच कळलं. त्याने फोन टेबलावर ठेवला. पलीकडून म्हातारी विचारत होती, "कोण बोलला? दिसला नाही मले."

 एक गृहस्थ म्हणाले, "काही झालं नाही. कोणी पाहिलं नाही."

काकू स्वयंपाकघराच्या दारात पळी घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी पाहिलं."

मंडळी गेल्यावर काय झालं, ते मला पुढे दोघांनीही वेगवेगळं सांगितलं. दोन्ही हकिकती सारख्याच होत्या.

"काकू, आजीशी बोललो फक्त."

"माहीत आहे."

"मग?"

"मग उद्या सकाळी सांगते त्यांना."

"मला परत आत टाकतील."

"टाकतील कदाचित."

"तुम्ही माझी आई असता तर?"

"तर रडत सांगितलं असतं," काकू म्हणाल्या. "सांगितलं असतंच."

जामीन रद्द करण्याच्या अर्जाची सुनावणी झाली तेव्हा कोर्टात आपली बरीच माणसं होती. काकूंच्या बाकावर कोणी बसलं नाही. सरकारी वकिलाचं म्हणणं सरळ होतं: आरोपीने इंटरनेटला जोडलेला फोन हातात घेतला आणि परदेशी संपर्क साधला. बचावाच्या वकिलाने काकूंना एवढंच विचारलं, की तुम्ही कळवलं नसतं तर हे कोणाला कळलं असतं का?

"नाही."

"मग का कळवलंत?"

"तुम्ही मला तेच काम दिलं होतं ना?" काकूंनी उलट विचारलं. त्या साक्षीच्या पिंजऱ्यातही खुर्चीवर बसल्या नव्हत्या.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, की फोनवरच्या एवढ्याशा नमस्काराचीही खबर जे घर देतं, त्या घरावर कोर्टाला भरवसा ठेवता येतो. जामीन त्याच पत्त्यावर पुढे चालू ठेवायला त्या तयार होत्या. नियमाप्रमाणे त्यांनी काकूंची पुन्हा संमती विचारली. काकू म्हणाल्या, "माझी आहे. त्याला विचारा, तो येतो का माझ्या घरी."

निखिल खाली बघत राहिला. दुभाष्याची गरज नव्हती, तरी दुभाषी त्याच्याकडे वाकला. निखिलने होकारार्थी मान हलवली.

घरी आल्यावर तो कित्येक दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलला. पोळ्या मात्र करत राहिला. लोकांनी काकूंना सोडलं नाही. पुढच्या वर्षावासाचं वाचन दुसऱ्या घरी ठरलं. किराणा दुकानात एकजण सगळ्यांदेखत म्हणाला, "काकू, मी गाडी नो-पार्किंगच्या पिवळ्या रेघेवर लावली आहे. सांगू नका हं कोणाला." काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मग नीट लाव ना, बाप्पा. मला कशाला कामाला लावतो?"

अपिलं संपली आणि २०१८ मध्ये निखिलला अमेरिकेच्या ताब्यात दिलं गेलं. खटला उभा राहीपर्यंत मोकळं ठेवावं, असा अर्ज त्याच्या तिथल्या वकिलाने फेडरल कोर्टात केला. तिथेही पद्धत अशी, की कोणीतरी आरोपीची जबाबदारी घ्यायची आणि अट मोडली तर कोर्टाला कळवायचं. निखिलचा तिथेच राहणारा एक चुलतभाऊ पुढे आला. चांगली नोकरी, मोठं घर. ऑकलंडमधल्या एका वकिलाच्या ऑफिसातून काकूंची साक्ष व्हिडिओवर झाली. मीही तिथे होतो. तिथल्या सरकारी वकिलाने त्यांना विचारलं, "आरोपी पळून जाणार नाही, अशी खात्री देता का?"

"पुढचं मी कशी देऊ? माझ्याकडून पळाला नाही, एवढं देते."

मग त्याने चुलतभावाला विचारलं, "हातात फोन दिसला तर तुम्ही कळवाल?" चुलतभाऊ म्हणाला, "आधी त्याच्याशी बोलेन." अर्ज नामंजूर झाला.

काकू खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. "भला मुलगा आहे," त्या चुलतभावाबद्दल म्हणाल्या. "पण हा भलेपणा त्या पोराला महागात पडला."

दोन महिन्यांनी त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. मुलगा जॉन्सनव्हिलहून विमानाने आला, दोन दिवस भांडला आणि तिसऱ्या दिवशी व्हिसाच्या कामाला बसला. मी निरोप घ्यायला गेलो तेव्हा घर अर्धं आवरलेलं होतं. मी विचारलं, "काकू, या वयात अमेरिकेत एकट्या?"

"एकटी कशी? तो आहे ना. फक्त आत आहे."

"आणि पुन्हा काही झालं तर? पुन्हा कळवाल?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी प्रश्न मागे घेतला.

निखिलचा दुसरा अर्ज २०१९ मध्ये त्याच कोर्टापुढे आला. जबाबदारी घेणारी व्यक्ती म्हणून त्यात वत्सला मेश्राम यांचं नाव होतं. राहण्याचा पत्ता कोर्टाच्याच शहरातल्या भाड्याच्या दोन खोल्यांचा होता. सरकारी वकिलाने विरोध केला. न्यायाधीशांनी अर्ज मंजूर केला आणि निखिलला त्याच दुपारी सोडण्यात आलं. खटल्याची तारीख अजून लागलेली नाही.